पर्कशन रिगवर नवा वेल्डर: बिटाची धार, केसिंगचे जोड आणि शेवटचे झाकण

आयटीआयचा वेल्डर ट्रेड करून तुम्ही बोअरच्या कामावर जाणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी. इथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या डीटीएच (डाउन-द-होल हॅमर) गाडीबद्दल लिहिलेले नाही. दोराला टांगलेले जड बिट उचलून आपटत भोक पाडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पर्कशन रिगबद्दल हा लेख आहे. अखंड काळ्या पाषाणात डीटीएच एका दिवसात जे करते, त्याला पर्कशन रिगला आठवडे लागतात. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरच्या वरच्या अंगाला, गाळात मोठमोठे गोटे मिसळलेली जमीन असते. तिथे हवा निसटून जाते आणि भोक ढासळते. अशा जमिनीत एकीकडे ठोकत, दुसरीकडे केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घालायचा पोलादी पाइप, खाली हाणत जाणारी ही सावकाश पद्धतच कामाला येते.

हे काम पूर्वीपासून लोहाराचे. १८५९ साली अमेरिकेत टायटसव्हिल इथे एडविन ड्रेकने जी प्रसिद्ध तेलविहीर ६९.५ फुटांवर लावली, तिचे भोक पाडणारा विल्यम स्मिथ हा मिठाच्या विहिरी खोदणारा लोहार होता. तेव्हा बिट भट्टीत तापवून घणाने ठोकून मापात आणत. आता ते काम वेल्डिंग मशीन करते, म्हणजे लोहाराची जागा तुमची आहे. तुमचे जवळजवळ सगळे काम जमिनीखाली जाऊन दिसेनासे होणार आहे. वर असताना मोजले नाही, तर नंतर मोजता येत नाही.

आधी साखळी ओळखून घ्या

दोराच्या खाली क्रमाने येतात: रोप सॉकेट, मग जार (साखळीच्या दोन कड्यांसारखे एकमेकांत खेळणारे भाग, बिट अडकले तर वरच्या बाजूला झटका द्यायला), मग स्टेम म्हणजे भरीव जड दांडा, आणि सगळ्यात खाली बिट. १०० मिमी व्यासाचा ५ मीटर लांब स्टेम एकटाच ३०० किलोच्या वर भरतो. हे सगळे मिनिटाला ४० ते ६० वेळा उचलून सोडले जाते. भोकात पाणी असते, त्यात चुरा कालवला जातो, आणि मीटर-दीड मीटर खाली गेले की तळाला झडप असलेल्या बेलरने तो गाळ उपसून काढतात.

बिटाला दोन कामे असतात. खालची धार खडक फोडते आणि बाजूच्या कडा भोक मापात ठेवतात. नवा माणूस फक्त धारेकडे बघतो. घात होतो तो बाजूच्या कडा झिजल्याने.

लागणारे सामान

- वेल्डिंग मशीन, डीसी, किमान २०० अँपियर. जनरेटरवर चालवायचे असेल तर १० केव्हीएचा
- ई-७०१८ रॉड, ३.१५ आणि ४ मिमी (दुकानात १० नंबर आणि ८ नंबर म्हणतात)
- हार्डफेसिंगचे, म्हणजे झीज सोसणारा कडक थर चढवायचे रॉड. ठोके सोसणाऱ्या कामासाठी आहेत असे पाकिटावर लिहिलेले बघूनच घ्या
- ई-६०१३ रॉड किरकोळ कामाला
- रॉड सुकवायची भट्टी आणि गरम ठेवायचा डबा
- गॅस कटर, आणि तापवण्यासाठी मोठ्या ज्योतीचा टॉर्च
- तापमानाचे खडू किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर
- ग्राइंडर, चिपिंग हातोडी, तारेचा ब्रश
- मापाचे कडे (खाली सांगितले आहे)
- पाणसळ, ओळंबा, गुण्या, टेप
- चेन कप्पी. बिट हाताने उलटे-सुलटे करायच्या भानगडीत पडू नका
- कोरडी राख किंवा चुना, बिट पूर्ण गाडता येईल इतका
- कोरडी फळी, रबरी बूट, चामड्याचे कोरडे हातमोजे, १० किंवा ११ नंबरची काच

कागदांत आयटीआयचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र सोबत असू द्या. केसिंगच्या बिलावर आयएस ४२७० लिहिले आहे का ते बघा. विहिरीच्या पोलादी पाइपांचे मानक तेच. बोअर सुरू करण्याच्या १५ दिवस आधी जमीनमालकाने प्रशासनाला लेखी कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाचे २०१० चे निर्देश आहेत. ती पोच जमीनमालकाकडे असायला हवी. तुम्ही कामगार असलात तरी विचारून घ्या. आणि एक जाड वही. ती कशाला, ते नवव्या पायरीत येईल.

## १. कडे लावून माप घ्या

ज्या मापाचे भोक हवे, त्याच आतल्या व्यासाचे पोलादी पट्टीचे कडे बनवून ठेवा. बिट वर आले की धुवा आणि कडे चढवून बघा. कडे सगळीकडून अंगासरशी बसले तर ठीक. एका बाजूला सुताची, म्हणजे सुमारे ३ मिमीची फट दिसली तर बिट लगेच भरायला काढा.

इतकी घाई का? झिजलेले बिट खाली जाताना भोक हळूहळू निमुळते करत जाते. मग तुम्ही बिट भरून पूर्ण मापाचे करता, ते वेगाने खाली सोडले जाते आणि त्या निमुळत्या भागात पाचरीसारखे रुतते. आजवर ठीक चाललेले भोक नव्या बिटाने अडते, ते असे. दोष नव्या बिटाचा नसतो. जुने फार वेळ चालवलेले असते.

## २. भेगा शोधा

ब्रशने घासून, डिझेलने धुवून बिट पूर्ण कोरडे करा. मग रॉकेलचा बोळा फिरवा, दहा मिनिटांनी कापडाने पुसून टाका आणि चुन्याचे पातळ पांढरे पाणी फासा. चुना वाळला की भेगेत मुरलेले रॉकेल बाहेर येते आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. केसाएवढी रेघही सोडू नका. ग्राइंडरने तळापर्यंत खोदून काढा आणि पुन्हा चुना लावून बघा. भेगेवरून वेल्ड मारले तर भेग आत तशीच राहते. पोलादाचा तुकडा भोकात तुटून पडला तर त्याला फोडणारे बिट नसते; कधी कधी तेवढ्यासाठी पूर्ण बोअर सोडावा लागतो.

बिट ज्या आट्यांनी स्टेमला जोडतात, त्या आट्यांजवळ भेग असेल तर ते बिट तुमच्या कामाचे नाही. आट्यांच्या आसपास वेल्डिंग अजिबात करायचे नाही.

## ३. रॉड सुकवा, बिट तापवा

ई-७०१८ रॉडवरचे आवरण हवेतला ओलावा ओढते, तो वेल्डमध्ये हायड्रोजन होऊन शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, भेग पाडतो. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला, बहुधा ३०० ते ३५० अंशांना, तास-दोन तास सुकवा आणि तिथून थेट गरम डब्यात ठेवा. ई-६०१३ मात्र या भट्टीत टाकू नका. त्याच्या आवरणाला थोडा ओलावा लागतोच, जास्त भाजले तर तो नीट जळत नाही.

बिटाचे पोलाद गेट-ग्रिलच्या पट्टीसारखे मऊ नसते. त्यात कार्बन जास्त असतो. थंड बिटावर वेल्ड मारले की आजूबाजूचे लोखंड वेल्डची उष्णता झपाट्याने ओढून घेते, वेल्डलगतचा पट्टा काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो आणि पहिल्या शंभर ठोक्यांत भराव्याचा खपला निघतो. म्हणून २०० ते २५० अंशांपर्यंत तापवा. वरवर नाही, आतपर्यंत. शंभर-दीडशे किलोचा ठोकळा आहे. वरची कातडी दहा मिनिटांत तापते, गाभा तापायला तास लागतो. टॉर्च काढून दहा मिनिटे थांबा आणि मग खडू लावा. तापमान उतरले असेल तर गाभा अजून थंड आहे.

इन्फ्रारेड थर्मामीटर घासून चकचकीत केलेल्या जागेवर कमी आकडा दाखवतो. काळ्या, गंजलेल्या जागेवर धरा. खडूही नसेल आणि थर्मामीटरही नसेल, तर पाण्याचे दोन थेंब टाका. नुसते चर्र करून पसरले तर कमी आहे. तापल्या तव्यावर गोळ्या होऊन नाचत पळतात तसे पळाले, तर दोनशेच्या आसपास पोहोचला आहात. हा अंदाज आहे. खडूची सवय लावून घ्या, तो महाग नसतो.

## ४. भरावा घाला

आधी बाजूच्या कडा, मग धार. हाच क्रम ठेवा, कारण माप कडांवर ठरते आणि धार त्यांच्यात बसते.

- ई-७०१८ चा ४ मिमी रॉड, १४० ते १८० अँपियर, ३.१५ ला १०० ते १४०
- होल्डर प्लसवर
- रॉड झुलवत रुंद पट्टे काढू नका. सरळ, अरुंद रेघा एकमेकींवर तिसऱ्या हिश्शाने चढवत न्या
- प्रत्येक रेघेनंतर स्लॅग पूर्ण झाडा
- एका अंगाला दोन-तीन रेघा झाल्या की समोरच्या अंगाला जा
- मध्येच जेवायला उठायचे असेल तर बिट झाकून ठेवा. परत आल्यावर तापमान बघूनच सुरू करा

दोन्ही बाजूंचा भरावा सारखा हवा. एक बाजू जड किंवा पुढे आलेली राहिली तर भोक तिरपे जाते. कडा भरताना मापापेक्षा मिमीभर जास्त भरून ग्राइंडरने उतरवा, कडे सगळीकडून सहज फिरेपर्यंत.

बिटाच्या अंगावर उभ्या खाचा असतात. गाळमिश्रित पाणी वर यायला त्या ठेवलेल्या असतात. नवीन वेल्डरला त्या झिजेच्या जागा वाटतात आणि तो प्रेमाने भरून टाकतो. मग बिट पडताना खालचे पाणी निसटू शकत नाही, ठोका मऊ होतो आणि रिगवाला दिवसभर शोधत बसतो की आज भोक का सरकत नाही. खाचा मोकळ्याच ठेवा. कडांवरून ओघळ आत आला असेल तर घासून काढा.

धारेचा कोन जमिनीप्रमाणे ठेवायचा असतो. माती, मऊ मुरूम असेल तर धार निमुळती. कठीण खडक आणि गोटे असतील तर बोथट. निमुळती धार तिथे टोकाला मोडते. किती बोथट, ते रिग चालवणाऱ्याला विचारा. तो दोरावर हात ठेवून काम करतो. खाली काय लागते आहे ते त्याला हाताला कळते.

## ५. कडक थर, दोनच

भराव्यावर हार्डफेसिंगचा थर द्या: कडांवर आणि धारेवर. जास्तीत जास्त दोन थर. तिसरा दिल्याने बिट जास्त टिकेल असे वाटते, प्रत्यक्षात कडक थर जाड झाला की तो खालच्या मऊ लोखंडासोबत वाकत नाही आणि ठोक्याने पापुद्र्यासारखा सुटतो. कडक रॉडच्या वेल्डवर बारीक आडव्या भेगा दिसणे काही जातींत नेहमीचे असते. त्या थरापुरत्याच असाव्यात, खाली भराव्यात उतरता कामा नयेत.

## ६. राखेत पुरा

काम झाल्याबरोबर बिट कोरड्या राखेत किंवा चुन्यात पूर्ण पुरून ठेवा. रात्रभर. पाणी मारायचे नाही, पंख्यासमोर ठेवायचे नाही, ओल्या मातीवर टाकायचे नाही. रिग उभी आहे, भाडे चढते आहे, म्हणून घाई करा असे सांगितले जाईल. यावर एकच उपाय: दोन बिटे ठेवायला लावा. एक भोकात, एक राखेत.

मशीन नसेल तर: लोहाराची रीत

वीज नाही, जनरेटर बंद, अशा वेळी जुनी पद्धत ठाऊक असावी. मात्र ही रीत हार्डफेसिंग न केलेल्या, मूळ पोलादाच्या बिटालाच लागू आहे. भट्टीत बिटाचे टोक नारिंगी-पिवळे होईपर्यंत तापवतात. ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळाले, तेवढा भाग कापून टाकावा लागतो. दोघांनी आळीपाळीने घण मारत कडा बाहेर सरकवायच्या, कडे लावून बघायचे, रंग तांबडा-काळा झाला की थांबायचे आणि पुन्हा तापवायचे.

मग पाणी पाजणे. टोक चेरीसारखे लाल करून फक्त खालचे दोन-तीन सेंटीमीटर पाण्यात धरायचे आणि वर-खाली हलवत राहायचे. एका रेषेवर स्थिर धरले तर त्याच रेषेवर तडकते. बाहेर काढून झटकन पॉलिशपेपरने घासले की वरची उष्णता खाली उतरताना रंग पळताना दिसतात: आधी गवती पिवळा, सुमारे २३० अंश, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० च्या जवळ निळा. ठोक्याच्या हत्याराला जांभळा ओलांडून निळ्याकडे जाऊ द्यायचे, मग पुन्हा पाण्यात. पिवळ्यावर थांबलात तर कडक होईल, पण खडकावर तुकडे उडतील. पहारीला आणि छिन्नीला पाणी देणारा गावातला लोहार हे रंग डोळे झाकून सांगेल. त्याच्यासमोर दोनदा करून बघा.

## ७. जोडणे आणि पहिला उतार

बिट आणि स्टेमचे आटे डिझेलने धुवा, आट्यांना हलके तेल लावा, पण जिथे खांदा खांद्याला टेकतो ती पृष्ठे कोरडी पुसा. तिथे वाळूचा एक कण राहिला तरी जोड घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चालताना सैल होतो. पूर्ण आवळल्यावर जोडावरून आरपार छिन्नीची एक उभी खूण करा. बिट पुढच्या वेळी वर आले की ती रेघ सरकली आहे का ते आधी बघायचे.

नवे भरलेले बिट खाली सोडताना रिगवाल्याला स्पष्ट सांगा: जुने बिट जिथे बदलले त्याच्या चार-पाच मीटर वरूनच सावकाश ठोकत जायचे.

## ८. केसिंगचा बूट

गोट्यांच्या जमिनीत केसिंग ठोकत उतरवतात, म्हणून सगळ्यात खालच्या पाइपाला जाड कडक पोलादाचा बूट लावतात. तो काटकोनात बसला पाहिजे. गुण्या लावून चारही बाजूंनी तपासा. बूटही कडक पोलादाचा, म्हणून आधी तापवून ई-७०१८ नेच जोडा. आतल्या बाजूला वेल्डचा उंचवटा राहू देऊ नका, बिट त्यालाच अडकते.

ठोकताना वरच्या टोकाला डोके बसवतात, तरीही पाइपाची कड फुलते. पुढचा पाइप जोडण्याआधी ती फुललेली कड, इंचभर तरी, कापून टाका. फुललेल्या कडेवर जोड मारलात तर दोन पाइप एका रेषेत येतच नाहीत.

## ९. केसिंगचे जोड

इथे सर्वांत जास्त वेळ घाला. ६ इंची पाइप, १६८.३ मिमी बाहेरचा व्यास आणि ५.४ मिमी जाडी, मीटरला सुमारे २१.७ किलो, ६ मीटरचा एक पाइप १३० किलो. ८ इंची, २१९.१ मिमीचा ६.३५ मिमी जाडीचा घेतला तर १०० मीटरचे वजन ३.३ टन. केसिंग खाली टांगलेले असताना हा सगळा भार तुमच्या एका वेल्डवर येतो, आणि ठोकले की वरून हादरे.

सरळ कापण्यासाठी पत्र्याची किंवा जाड कागदाची सरळ पट्टी पाइपाभोवती गुंडाळा. टोके एकमेकांवर तंतोतंत आली की तिच्या कडेने खडू ओढा. दोन्ही टोकांना ३० ते ३५ अंशांचा उतार, आत दीड मिमीची सपाट कड सोडून. दोन पाइपांत अडीच मिमी फट. रॉडची तार वाकवून मध्ये ठेवली की फट आपोआप सारखी राहते. जस्त चढवलेला पाइप असेल तर दोन्हीकडे दोन इंच जस्त घासून काढा. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

पाणसळ दोन बाजूंनी, एकमेकींना काटकोनात, लावा. लांबून ओळंबाही धरून बघा. मग चार टाके: समोरासमोर दोन, मग मधले दोन. पुन्हा पाणसळ. सरळ असेल तरच पुढे. पहिली फेरी ३.१५ ने, खोलवर. एक चतुर्थांश झाले की समोरचा चतुर्थांश, कारण एका दमात गोल फिरलात तर वेल्ड आकसताना पाइप एका बाजूला ओढतो. वरच्या एक-दोन फेऱ्यांची सुरुवात आधीच्या सुरुवातीपासून दूर ठेवा. ६ इंची जोडाला साधारण ८ ते १० रॉड लागतात. चारच रॉडमध्ये जोड पूर्ण झाला असेल तर तळ भरलेला नाही.

अर्थिंगचा चिमटा त्याच केसिंगवर, जोडाजवळ, घासलेल्या जागी लावा. रिगच्या चौकटीला कधीच नाही. पाइप दोराला टांगलेला असतो. चिमटा रिगवर असेल तर करंट दोरातून आणि कप्पीच्या बेअरिंगमधून परत जातो, दोराच्या तारा आतून भाजतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि दोर तुटतो तो दोन दिवसांनी, बिट खाली असताना. नवीन वेल्डरची ही चूक सर्वांत महागात पडते.

जोड पूर्ण झाला की पंधरा-वीस मिनिटे थांबा. हात ठेवून सोसवेल इतका निवला की मगच खाली सोडा. खाली भोकात पाणी आहे.

आता ती वही. प्रत्येक पाइपाची कापल्यानंतरची लांबी, जोडाचा क्रमांक, वेळ आणि रॉडचे पाकीट लिहा. एकूण लांबीची बेरीज तुमच्याकडे असेल तर केसिंग कुठे टेकले, जाळीचा पाइप (पाणी आत यायला खाचा पाडलेला) नेमक्या पाण्याच्या थरासमोर आला की मातीसमोर, हे सांगता येते. जाळीच्या पाइपाला दोन्ही टोकांना फूटभर तरी जागा बिनखाचांची असावी. खाचांवर जोड येत नाही. आणि जागेवर गॅस कटरने खाचा पाडून द्या म्हणाले तर नकार द्या. त्या रुंद आणि वेड्यावाकड्या होतात, वाळू आत येत राहते आणि पंप खराब होतो.

चिखलात उभे राहून वेल्डिंग करायचे नाही. कोरडी फळी टाका. घामाने भिजलेले हातमोजे बदला. जवळ डिझेलचा रिकामा ड्रम असेल तर आधी लांब हलवा. भरलेल्यापेक्षा रिकामा जास्त धोकादायक, कारण त्यात वाफ असते. शेजारी जुनी विहीर असेल आणि त्यात उतरून काही कापून द्या असे सांगितले, तर हवा तपासल्याशिवाय उतरू नका.

## १०. झाकण

पंप बसायचा असो वा बोअर कोरडा निघालेला असो, एका रात्रीपुरतेही तोंड उघडे ठेवायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांत हे स्पष्ट आहे: केसिंगच्या तोंडाला पोलादी प्लेट वेल्ड करा किंवा नट-बोल्टने घट्ट झाकण लावा, आणि केसिंगभोवती ०.५ बाय ०.५ बाय ०.६ मीटरचा काँक्रीटचा ओटा बांधा, ०.३ मीटर जमिनीवर आणि ०.३ मीटर खाली. सोडून दिलेला बोअर तळापासून वरपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरायचा असतो.

६ मिमीची प्लेट केसिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा दोन सेंटीमीटर मोठी कापा आणि पूर्ण गोल वेल्ड करा. चार टाक्यांचे झाकण पहारीच्या एका हिसक्याने निघते. पाण्याची पातळी मोजायची असेल तर प्लेटमध्ये इंचाचे सॉकेट वेल्ड करून त्याला आट्यांचा प्लग लावा. प्लेटवर वेल्डच्या रेघेनेच खोली आणि तारीख लिहा, आणि वहीतल्या पाइपांच्या पानांची प्रत जमीनमालकाच्या हातात द्या.